गिअरबॉक्सच्या बुडाचा बोल्ट

"मग मी जाऊ का नको, वस्ताद?"

हिंदुराव वस्ताद रॉकेलच्या डब्यात हात धूत होते. ते धूतच राहिले.

"वस्ताद..."

"ऐकालोय."

"सोमवारी गाडी हाय. कोइमतूरला मानसं वाट बघालीत. तुम्ही एकदा तोंडानं जा म्हणा, म्हंजे झालं."

"आन् न्हाई म्हटलं तर?"

नाही म्हटलं तर जोतिराम जाणार नव्हता. घरी बायकोनं ट्रंक भरून ठेवली होती, खोली सोडतो म्हणून मालकाला सांगून झालं होतं, तरीही जाणार नव्हता. पण हे वस्तादांना सांगण्यात शहाणपण नव्हतं. सांगितलं असतं तर ते लगेच नाही म्हणाले असते.

कोल्हापुरात कुस्ती शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. हिंदुराव तरुणपणी तालमीत होते. पुढं उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, पत्र्याची शेड घातली, हातात पाना आला, पण लोकांनी वस्ताद म्हणायचं काही सोडलं नाही. जोतिराम त्यांच्याकडं आला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आता त्याची मुलगी शाळेत जात होती.

कोइमतूरला शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधणारा एक कारखाना होता. तिथून त्याला बोलावणं आलं होतं. असल्या इंजिनांचा आवाज ऐकायला तो एकदा उपाशीपोटी दिवसभर मैदानाच्या कुंपणाला लटकून उभा राहिला होता. आता तीच इंजिनं हाताखाली येणार होती. असं बोलावणं माणसाला पुन्हा पुन्हा येत नाही.

आणि शेडचा एक रिवाज होता. ज्यानं एकट्यानं इंजिन उतरवलं, त्याला शेड सोडून जायची रजा. ट्रकचं नाही, जीपचं नाही. वस्ताद बोटानं दाखवतील त्या गाडीचं. अलीकडं वस्तादांना दाखवण्यासारखी गाडीच सापडत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

वस्तादांनी हात पुसले. कोपऱ्याकडं बघितलं.

तिथं सांगलीच्या एका डॉक्टरीणबाईंची गाडी उभी होती. त्यांच्या वडिलांच्या वेळची, विलायती, दोन सीटांची, टप नसलेली. हिरवा रंग आता शेवाळासारखा दिसत होता. नाक लांब आणि बूड जमिनीला टेकलेलं. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही कामाला काढायची होती.

"हिचं उतरव," वस्ताद म्हणाले. "गिअरबॉक्ससकट. एकट्यानं."

"आन् मग रजा?"

"आधी उतरव तर."

जोतिराम हसला. "वस्ताद, डोळं बांधा माझं. तसं उतरवतो."

"डोळं उघडं असून काय काय दिसत न्हाई मानसाला... लाग कामाला."

त्यानं बाह्या सरसावल्या. चारी चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली, बॉनेट काढून भिंतीला टेकवलं, बॅटरी सोडली, पाणी सोडलं, तेल सोडलं. रेडिएटर काढला. वायरींना चिंध्या बांधून खुणा केल्या. हात असे चालत होते की बघणाऱ्याला वाटावं, नट आपणहून बाहेर येतायत.

वस्ताद भिंतीजवळच्या स्टुलावर बसून बघत होते. गुडघे गेल्यापासून ते गाडीखाली जात नसत, त्यामुळं अलीकडं पांढरा सदरा घालायची चैन त्यांना परवडत होती.

"दुपारपातूर उचलतो बघा हिला," जोतिराम म्हणाला.

"काय करतोस?"

"उचलतो."

"या शेडात इंजिन उचलत न्हाईत."

जोतिरामनं जीभ चावली. "उतरवतो."

"हां."

"पर वस्ताद, एक विचारू? कप्पीनं आपण वर ओढतोय. मग उतरवतोय कसं?"

"तुझ्या आईनं डोक्यावरली घागर कशी उतरवली? आधी वर उचलली का न्हाई?"

"उचलली."

"मग ती काय म्हणाली, घागर उचलाय ये? का उतरवाय ये?"

जोतिरामनं आत वाकून गिअरचा दांडा काढला. मग गाडीखाली सरपटला, मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट सोडला, मीटरची केबल सोडली, सायलेन्सरचा पाइप सोडला. सगळ्यात शेवटी गिअरबॉक्सखाली जॅक लावला आणि बुडाचा बोल्ट काढला. या एका जाड बोल्टावर गिअरबॉक्सची शेपूट गाडीला धरून असते. तो त्यानं परातीत टाकला. परात खणकन वाजली.

वस्तादांनी तो आवाज ऐकला.

मग जोतिरामनं तुळईला टांगलेल्या कप्पीची साखळी इंजिनाला गुंफली, तिला जरा ताण दिला आणि पुढचे दोन्ही बोल्ट सोडले. आता इंजिन गाडीत असून गाडीचं नव्हतं.

"चला. ओढतो."

"भाकरी खाऊन ये जा," वस्ताद म्हणाले.

"आता? ह्ये झालं की जेवतो."

"इंजिन काय पळून चाललंय? जा. हात धू, जेवून ये."

वस्तादांची बायको गेल्यापासून ही दोघं दुपारी एकत्र जेवत. जोतिरामच्या घरून डबा यायचा, त्यात वस्तादांच्या वाटणीची भाकरी असायची. नाहीतर घर म्हणजे त्यांना फक्त झोपायची जागा उरली होती.

"तुम्ही न्हाई येत?"

"मला भूक न्हाई. जा."

जोतिराम चौकातल्या नळावर गेला, पिंपळाखाली बसून जेवला. एकट्याला घास उतरेना, तरी पण जेवला.

तो परत आला तेव्हा वस्ताद स्टुलावरच होते. भिंतीला पाठ लावून बसले होते. कपाळावर घाम होता.

"बरं न्हाई काय वस्ताद?"

"उकडालंय. ओढ."

त्यानं साखळी ओढायला सुरुवात केली. कप्पी कटकट बोलू लागली. इंजिनाचं पुढचं टोक बोटभर वर आलं, मग हातभर. जोतिरामच्या तोंडावर हसू आलं.

मग गाडीचं नाकही वर यायला लागलं.

त्यानं आणखी दोन हात ओढली. पुढची चाकं ठोकळ्यांवरून सुटली आणि हवेत लोंबकळली. वर तुळई करकरली.

"थांब!" वस्ताद ओरडले. "तुळई खाली घेशील."

साखळी थांबली. गाडी अर्धी हवेत, नाक वर करून उभी. इंजिन तिला सोडत नव्हतं आणि ती इंजिनाला सोडत नव्हती.

"कायतर ऱ्हायलंय," वस्ताद म्हणाले. बोलताना त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही.

"काय ऱ्हायलं न्हाई."

"ऱ्हायल्याबिगर गाडी वर येती व्हय?"

"वस्ताद, एकेक बोल्ट मी ह्या हातानं काढलाय. माझ्या हातनं ऱ्हात न्हाई. तुम्हीच सांगता की सगळ्यास्नी, जोत्याच्या हातनं ऱ्हात न्हाई म्हणून."

"सांगतो..." वस्ताद म्हणाले. "कवातरी ऱ्हातं."

जोतिरामचे कान तापले. त्यानं साखळी सैल करून चाकं परत ठोकळ्यांवर टेकवली, हातबॅटरी घेतली आणि खाली सरपटला. शाफ्ट सुटलेला होता. केबल सुटलेली होती. पाइप सुटलेला होता. उजेड त्यानं गिअरबॉक्सच्या बुडाशी नेला.

बोल्ट जागेवर होता.

परातीत टाकलेला तोच बोल्ट, पान्यानं गच्च आवळलेला. आणि त्याच्या माथ्यावर ग्रीसचा टिळा.

आवळलेल्या बोल्टाला बोटानं टिळा लावायची सवय सगळ्या उद्यमनगरात एकाच माणसाला होती. बोल्ट गंजू नये म्हणून लावतो, असं तो माणूस सांगे. इतकी वर्षं लावून लावून आता बोट त्याला विचारतही नव्हतं. चोरी करायला गेला आणि वर सही करून आला.

जोतिराम पडल्या पडल्या त्या टिळ्याकडं बघत राहिला.

आधी राग आला. खरा राग. आत्ता बाहेर निघावं, बोल्ट वस्तादांच्या पुढ्यात आपटावा आणि विचारावं, हे काय म्हणून. रिवाज तुमचा, गाडी तुम्ही दाखवलेली, आणि खोडाही तुम्हीच घालायचा?

त्यानं मान वळवली. गाडीखालून त्याला वस्तादांचे पाय दिसले. ते स्टुलावरून उठून जवळ येऊन उभे होते. एका पायाची चप्पल उलटी पडली होती, ती सरळ करायचं त्यांना सुचलं नव्हतं. उजवा गुडघा थरथरत होता. दोन्ही हातांनी त्यांनी तो धरून ठेवला होता.

ह्या गुडघ्यानं हा माणूस गाडीखाली आला... एकटा. कुणी हात द्यायला नसताना परत उठला.

जोतिरामचा राग गेला. त्या जागी जे आलं ते रागापेक्षा जड होतं.

"काय घावलं?" वरून आवाज आला.

"घावलं."

"काय?"

"बुडाचा बोल्ट, वस्ताद. ऱ्हायला व्हता."

बाहेरचे पाय अर्धं पाऊल मागं सरकले.

"ऱ्हायला व्हता?"

"व्हय. माझ्या ध्यानातनंच गेला."

"तुझ्या?"

"माझ्याच की. हितं दुसरं कोण हाय?"

तो बाहेर आला. कपडे झटकले. पाना हातात होता, तरी बोल्ट त्यानं सोडलेला नव्हता. सोडायला कितीसा वेळ लागणार होता? पण तो तसाच उभा राहिला.

"म्हंजे चुकलास," वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नसेल.

"चुकलो."

"मग सोमवारचं?"

"ऱ्हाऊ दे सोमवारचं. मी काय अजून तयार झालो न्हाई, वस्ताद. कळवतो त्यास्नी, येत न्हाई म्हणून."

त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. थोडं हसून सांगितलं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळं नजर मात्र गाडीच्या नाकावर खिळवून ठेवावी लागली.

वस्तादांना जे हवं होतं ते मिळालं होतं. पोरगा राहणार होता. उद्याही डबा येणार होता. आणि ते मिळालेलं त्यांच्यानं बघवेना. ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"सगळ्या गावाला सांगत फिरतोस, माझ्या हातनं ऱ्हात न्हाई म्हणून," ते म्हणाले.

"आता न्हाई सांगणार."

"लोक हसतील तुला."

"हसू देत."

"जोत्या..."

"जी."

"टिळा बघितलास?"

जोतिराम हातातला पाना पुसत राहिला. बाहेर कुणीतरी लेथ चालू केला. त्याचा आवाज शेडभर भरून राहिला.

वस्तादांनी हात पुढं केला.

"पाना दे हिकडं."

"मी सोडतो की वस्ताद. गुडघा तुमचा..."

"ज्यानं आवळला त्यानंच सोडायचा असतोय. दे."

जोतिरामनं पाना दिला. वस्ताद गाडीला धरून हळूहळू खाली बसले, मग आडवे झाले आणि पाठीवर सरपटत आत गेले. त्याला मदतीला वाकू दिलं नाही. खालून त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं, मग पान्याचा आवाज, मग पुन्हा कण्हणं. बोल्ट गच्च होता. आवळताना त्यांनी कसर ठेवली नव्हती.

बराच वेळ गेला.

मग परात खणकन वाजली.

ते कसेबसे सरपटत बाहेर आले, पण उठले नाहीत. तिथंच जमिनीवर बसून राहिले.

"ओढ," ते म्हणाले.

जोतिरामनं साखळी धरली. डोळ्यांपुढं धूसर झालं होतं, म्हणून त्यानं हाताच्या अंदाजानंच ओढली. इंजिन वर आलं. शेपूट खाली घालून, तिरकं होऊन, गिअरबॉक्स मागून निसटला आणि सगळं धूड गाडीच्या अंगातून अलगद बाहेर आलं. कशालाही खरचटलं नाही. गाडीचं नाक स्प्रिंगांवर उठलं आणि थोडा वेळ हलत राहिलं.

दोघंही त्या मोकळ्या जागेकडं बघत होते.

"कितीची हाय रं तुझी गाडी, सोमवारची?" वस्तादांनी विचारलं.

जोतिराम वाकला आणि वस्तादांच्या पायाला हात लावला. मग काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

उभं केल्यावर त्याला त्यांची पाठ दिसली. पांढऱ्या सदऱ्यावर मानेपासून कमरेपर्यंत शेडची माती आणि काळं तेल फासलं होतं. कुस्तीत ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. हिंदुराव वस्तादांची पाठ कधी कुणी लावली नव्हती, असं तालमीतली जुनी माणसं अजून सांगतात.

जोतिरामनं खांद्यावरचा पंचा काढला आणि त्यांची पाठ पुसायला गेला.

वस्तादांनी त्याचा हात धरला.

"पुसू नको," ते म्हणाले. "बघू दे उद्यमनगराला."