टोकाकडचे स्क्रू

सन दोन हजार नऊ, माघ वद्य पंचमी. थंडी सरत आली होती आणि तासगावच्या बाजूला द्राक्षांत साखर भरली होती. त्या भागात लोखंडी शेड उभारणारा एक वृद्ध मिस्त्री होता. शाळा चौथीपर्यंत. त्याने उभा केलेला खांब कधी वाकला नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगत असे.

त्याचा एक शिष्य होता, तिशी ओलांडलेला. तो एका व्यापाऱ्याची बेदाण्याची शेड बांधत होता. त्याचे हे पहिलेच स्वतंत्र काम. शेडमध्ये एकावर एक अकरा जाळ्या, प्रत्येक जाळीवर ओली द्राक्षे, आणि सारा भार खांबांवर. खांब पातळ पत्र्याचे. पत्रा वाकवून केलेले दोन चॅनल पाठीला पाठ लावून स्क्रूने जोडायचे, की झाला एक खांब.

शिष्याने चार खांबांच्या चौकटीवर वाळूची पोती रचून परीक्षा घेतली. खांब मध्यावर वाकले. पोती उतरवताच सरळ झाले. त्याने प्रत्येकाच्या मध्यावर आणखी डझनभर स्क्रू मारले. पोती पुन्हा चढवली. खांब पुन्हा वाकले.

व्यापारी म्हणाला, "आठ दिवसांनी माल उतरणार. चाळीस बाया या जाळ्यांखाली काम करणार. कुणाच्या डोक्यावर पाडायची ही शेड?"

जाड पत्रा मागवावा, तर तो यायला पंधरा दिवस. द्राक्षे तोवर थांबणार नव्हती. शिष्य मिस्त्रीला घेऊन आला.

मिस्त्रीने एक खांब काढायला लावला आणि एक चॅनल वर, एक खाली असा दोन दगडांवर आडवा ठेवला. खिशातून खडू काढून त्याने दोन्ही चॅनलवरून जाणाऱ्या तीन आडव्या रेघा ओढल्या. एक मध्यावर, दोन टोकांशी. मग व्यापाऱ्याकडे वळला.

"शेठ, मधोमध बसा."

"मी? मी खांब बघायला आलोय का बसायला?"

"तुमच्याएवढं वजन गावात दुसरं न्हाई."

व्यापारी हसला नाही, पण बसला. खांब झुकला. शिष्य वाकून मध्यावर पाहू लागला. मिस्त्रीने त्याची कॉलर धरून त्याला टोकाकडे नेले.

"तिकडं काय बघतोस? हितं बघ."

मधली रेघ अखंड होती. टोकाची रेघ तुटली होती. तिचा एक तुकडा दुसऱ्यापासून नखभर सरकला होता.

"पण तात्या, पोट मध्ये सुटतं. म्हणून मी मध्ये आवळलं."

"मध्ये ते सरकतच न्हाईत. मग आवळून काय धरलंस? वाकताना दोघं टोकाशी एकमेकांवरून घसरतात. घसरले की ते दोन पातळ पत्रे, आपापले वाकायला मोकळे. घसरू दिलं न्हाईस तरच तो एक खांब."

"खांब तर उभा असतो."

"उभा खांबबी मोडायच्या आधी वाकतो. वाकला की हेच. दोघांना एक करायचं तर ते सुटतात कुठं हे आधी बघावं. माणसांचंबी तेच हाय."

व्यापारी अजून खांबावरच बसला होता. "हे कुठं शिकलात?" त्याने विचारले.

"दुसऱ्यांच्या पडलेल्या शेडी उचलून. उठा आता."

मिस्त्रीने मध्यावरचे जादा स्क्रू काढायला लावले. प्रत्येक टोकाशी एकमेकांजवळ चार चार मारायला लावले आणि मधल्या लांबीत हातभर अंतरावर एकेक जोडी ठेवली. रेघा नव्याने ओढल्या. व्यापारी न सांगता बसला. खांब जेमतेम हलला. रेघा तिन्ही अखंड राहिल्या. त्याने दोनदा अंग दाबून पाहिले आणि मान डोलावली.

बाकीचे तीन खांबही तसेच करून चौकट उभी केली. पोती चढली. खांब सरळ राहिले. पत्रा तोच होता.

शिष्य म्हणाला, "तात्या, उरलेले बत्तीस तुम्ही समोर बसून करून घ्या."

"मी कशाला? शेठला तू उभी शेड द्यायची कबूल केलीस. अजून दिली न्हाईस. देणं तुझं हाय."

मिस्त्री घरी गेला. शिष्याने वेगळी मजुरी मागितली नाही. एकेक खांब आडवा करून तो टोके आवळत गेला. प्रत्येकावर त्याने खडूची रेघ ओढली, स्वतः बसून पाहिले आणि मगच तो जागेवर उभा केला.

सातव्या दिवशी शेवटच्या खांबाच्या टोकाशी शेवटचा स्क्रू बसला. आठव्या दिवशी अकराही जाळ्या भरल्या. खाली चाळीस बाया काम करत होत्या. शिष्याचे देणे फिटले.