अननस आणि तिसरं पान

एकदा एका शिष्यानं आपली मायबोलीच टाकून द्यायची ठरवली. त्याची आई वारून वर्ष होत आलेलं. पण तो ‘भात’ म्हणाला की तिचा आवाज कानाशी यायचा, ‘दार’ म्हणाला की ती दारात उभी. पोरगा झुरून काडी झाला. मग तो एस्पेरांतो शिकला. साऱ्या जगाला एकमेकांशी बोलता यावं म्हणून एका माणसानं मुद्दाम घडवलेली ती भाषा.

डोंगराखाली अननसाची बाग राखणाऱ्या आपल्या वृद्ध गुरूंना तो म्हणाला, “गुरुजी, ही भाषा कोरी करकरीत आहे. हिच्यात कुणी मेलेलं नाही. आता मी हीच बोलणार.”

“म्हणजे नव्या घरात राहायला गेलास म्हण! वास्तुशांत केलीस का?”

म्हाताऱ्यानं हसत एक पिकला अननस कापला. “याला तुझ्या भाषेत काय म्हणतात?”

“अननासो.”

गुरूंनी केळीची तीन पानं मांडली, तिन्हींवर फोडी वाढल्या.

“तिसरं कुणाचं?”

“तू हाक मारलीस, त्यांचं. जेव मुकाट्यानं.”

भर दुपार. वारा पडलेला. कावळा नाही, मुंगी नाही. शिष्यानं खाली बघून चार घास खाल्ले, मान वर केली, तर तिसरं पान पुसल्यासारखं लख्ख. पानापुढचं गवत दबलेलं, नुकतंच कुणी मांडी मोडून उठावं तसं.

तो चटकन मागं सरकला.

“घाबरू नको,” गुरू म्हणाले. “सातासमुद्रापलीकडच्या रानात माणसांनी या फळाला नाव दिलं. पोर्तुगीज दर्यावर्द्यांनी फळ उचललं, नावही उचललं. आपल्याकडे त्याचा अननस झाला, फिरत फिरत तेच तुझ्या कोऱ्या भाषेत गेलं. त्या रानातली कित्येक गावं उजाड झाली, त्यांच्या तोंडचा हा आवाज तेवढा उरला. अननसाचा तुरा रोवला की तेच झाड पुन्हा उभं राहतं, नावाचंही तसंच. मेलेल्यांवाचून भाषा नाही, बाळा. ते येणारच. उपाशी राहिले तर घोटाळतात, पान वाढलं तर जेवून जातात.”

 शिष्य उठला, चौथं पान मांडलं, फोडी वाढल्या आणि पाठ फिरवून, वर्षभर गिळलेली हाक त्यानं मारली, “आये, जेवायला ये गो.”

मागं पानावर बोटं फिरल्याचा आवाज झाला. त्यानं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी त्यानं गुरूंकडे भात मागितला. ‘भात’ म्हणूनच मागितला. कानाशी कुणी आलं नाही.

बोलताना माणसानं शेजारी थोडी जागा सोडून बसावं.