वीस पाहुण्यांची चूल

“...मग हा विषाणू दुबळा कसा झाला, स्वामीजी?”

प्रद्योतने काचेची बशी निर्वैरस्वामींपुढे धरली.

मठाच्या रुग्णालयात रखमाजी कुंभाराच्या पायाची जखम चिघळली होती. औषधे हरली होती. शुक्रवारी पाय कापायचा, असे शल्यवैद्य सांगून गेले होते. एकच उपाय उरला होता : जखमेतल्या जिवाणूंना मारणारा विषाणू. तो वाढवण्याचे काम तरुण डॉक्टर प्रद्योतने मोठ्या तोऱ्यात मागून घेतले होते.

“पहिल्या दिवशी याने जिवाणूंचा फडशा पाडला. आज सोमवार, दहावा दिवस. जिवाणू मजेत आहेत!”

निर्वैरस्वामींचे अर्धे आयुष्य संन्यासापूर्वी प्रयोगशाळेत गेले होते. त्यांनी बशी पाहिली.

“रोज ताज्या जिवाणूंच्या पुढच्या भांड्यात यातले किती ओततोस?”

“निम्मे. मी हात आखडता घेत नाही.”

“एकेका जिवाणूत किती विषाणू शिरत असतील?”

“दहा, वीस... बळ वाढावे म्हणून.”

“कोणाचे?”

प्रद्योतने बशी पुन्हा न्याहाळली.

“जिवाणू हे घर, विषाणू पाहुणे. एका घरात वीस पाहुणे. चूल दोघे पेटवतात, जेवतात वीस. न राबणाऱ्यांचीच पिलावळ वाढते; उद्या पेटवणारा एक. परवा...”

“मग ऐतखाऊंना हुडकून काढतो!”

“चेहऱ्यावरून?”

स्वामींनी सगळे भांडे उकळत्या पाण्यात रिते केले.

“स्वामीजी! दहा दिवसांचे कष्ट...”

भांड्यात बुडवलेल्या तारेच्या टोकावर एक थेंब उरला होता. तो त्यांनी स्वच्छ पाण्यात मिसळला. त्यातला थेंब पुन्हा पाण्यात. असे आठ वेळा. शेवटचा थेंब जिवाणूंच्या बशीवर पसरला.

“आता यात काय उरले असेल?”

“एका घरात एकच पाहुणा. चूल ज्याला पेटवता येते, तो सकाळी दिसेल.”

सकाळी जिवाणूंच्या धुरकट थरावर तीन वर्तुळे उमटली होती. दोन अंधुक, एक नितळ, आरपार. एकाच विषाणूच्या वंशाने तिथले जिवाणू मारून तेवढी जागा जिंकली होती.

स्वामींनी ते वर्तुळ अलगद उचलले. नव्या भांड्यात वाढवले. बुधवारी त्याचे कोट्यवधी वंशज जखमेवर ओतले.

शुक्रवारी शल्यवैद्यांनी पट्टी सोडली. हुंगली. पुन्हा हुंगली.

“करवत परत न्या,” ते म्हणाले. “कापण्यासारखे इथे काही नाही.”

दोन महिन्यांनी रखमाजी दोन्ही पायांनी माती तुडवत होता.

“या की चिखलात, धाकले डॉक्टर!” तो ओरडला. “तुमचे पाय तर कुणी कापायला निघालं नव्हतं!”

प्रद्योत मनमोकळा हसला. मग स्वामींकडे वळला.

“शेवटी एकटाच जिंकला. सोबत हाच त्याचा रोग होता. खरे ना?”

स्वामींनी रखमाजीच्या भट्टीतले एक नवे मडके पाण्याने काठोकाठ भरले. प्रद्योतच्या हातांत दिले. एक थेंबही गळत नव्हता.

“यातला मातीचा कोणता कण एकटा पाणी धरून आहे... तेवढा दाखव.”