रापणीचे वाटे

"मग तिघांत मोठं कोण, दाजी?"

ऋजुता पराडकरने सकाळपासून हे तिसऱ्यांदा विचारलं. दाजी कुबल वाळूत बसून पाण्याकडे बघत राहिले.

दाजी आमच्या रापणीचे जुने म्होरके. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं लांबलचक जाळं. आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, दोर ओढवत नाही. पण पाण्याचा रंग बघून मासळी कुठे आली ते अजून तेच सांगतात, आणि गावातलं अडलंनडलं माणूसही त्यांच्याकडेच जातं. ऋजुताला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं.

ती पुण्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र असे तिन्ही विषय एकत्र शिकत होती. तिसऱ्या वर्षाला त्यातला एकच मुख्य धरायचा होता, आणि त्याचा अर्ज त्याच संध्याकाळपर्यंत भरायचा होता.

पोरगी हुशार, यात शंका नाही. थोडी शिष्टही झाली होती. दोर ओढता ओढता तिने आम्हाला तिन्ही विषयांची वकिली ऐकवली. न्याय कशाला म्हणायचं ते तत्त्वज्ञान सांगतं, कोणाचं चालणार ते राज्यशास्त्र, आणि वाटायला मुळात आहे किती ते अर्थशास्त्र. आमचे हात सोलून निघत होते आणि हिचं व्याख्यान चालू. पण एकाला धरलं की दोन सुटणार, याचं तिला खरंच वाईट वाटत होतं. ते तोंडावर दिसत होतं.

दाजी म्हणाले, "आदी वाटे कर."

जाळं वर आलं होतं. जाळ्याचा आणि होडीचा वाटा बाजूला काढून झाला होता. उरलेले बांगडे वाळूवर पसरले होते.

आमची रीत अशी. एकाने ढीग लावायचे, दुसऱ्याने मासळीकडे पाठ करून बसायचं. ढीग लावणारा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा मनाला येईल ते नाव घेतो, स्वतःचं शेवटी. तोवर बाकी कोणी तोंड उघडायचं नाही.

"आमच्या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण आहे," ऋजुता म्हणाली, आणि ते प्रकरण सांगायला लागली.

"मासे उन्हात आसत," दाजी म्हणाले, आणि पाठ करून बसले.

तिने दोरावरची माणसं मोजली. आम्ही दहा, आणि तिनेही हात लावला होता म्हणून ती अकरावी. अकरा ढीग लावले. लहानमोठे बांगडे हातावर तोलून इकडचे तिकडे केले. खोटं कशाला बोला, काम चोख केलं.

"हा कोणाचा?"

"येसूचो."

"हा?"

"बाबलचो."

असं करत अकरा नावं झाली. अकरावं तिचंच होतं.

"झाले, दाजी."

"नाय झाले. एक नाव ऱ्हवला."

तिने ढीग मोजले. मग माणसं मोजली. प्रत्येकजण आपापल्या ढिगाशी उभा होता. आम्हाला सगळ्यांना कळलं होतं, पण रीत ती रीत. बाबलने तर ओठ दाताखाली धरला होता.

मग तिची नजर दाजींच्या पाठीवर गेली.

दोराला त्यांचा हात नव्हता. म्हणून ते मोजण्यात आलेच नव्हते. आणि जाळं कुठे टाकायचं, हे पहाटे त्यांनीच सांगितलं होतं.

ती कानापर्यंत लाल झाली. आपला ढीग त्यांच्याकडे सरकवून म्हणाली, "माझा घ्या, दाजी."

"तुजो तुका. माजो खंय आसा?"

ती आमच्याकडे वळली. प्रत्येक ढिगातून दोन दोन काढावेत का? मग बाबलने टोपली भरली होती, त्याला विचारायचं की न विचारता घ्यायचं? दोर न ओढणाऱ्याचा वाटा पुरा की अर्धा? ते ठरवणारी ती कोण? एक गाठ सोडवली की दुसरी बसत होती. दोन हातांत दोन बांगडे धरून ती ढिगांवर वाकली.

"हा प्रश्न नक्की कुठल्या विषयाचा," ती हळूच म्हणाली, "तेच मला सांगता येत नाहीये."

पण आता तिच्या आवाजात मघाची ऐट नव्हती. लहानपणी पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा तळ कुठे आहे ते बघायला ती अशीच वाकली होती.

बाबलने टोपली वाळूवर पालथी केली. मग आम्ही सगळ्यांनीच आपापले ढीग मोडले आणि मासळी परत एकत्र केली.

ऊन चढत होतं.

"दाजी... मग अर्जात काय लिहू?"

दाजी गुडघ्यावर हात टेकून उठले. मासळीजवळ येऊन बसले. एक बांगडा उचलून त्यांनी हातावर तोलला.

"आता तू पाठ कर गो," ते म्हणाले. "वाटे मी करतंय. सारके आसले मगे कोणचोय धर."