घाटात थांबणारी लाल गाडी

एकदा एका वस्तादांच्या शिष्येवर मोठा बाका प्रसंग आला. वस्ताद साताऱ्याचे, उभे आयुष्य त्यांनी इंजिनांच्या सहवासात घालवलेले. शिष्येचे नाव कालिंदी. नऊ वर्षे वस्तादांच्या हाताखाली शिकून तिने स्वतःचे गॅरेज काढले होते, आणि स्वतःच्या हिमतीवर घेतलेले तिचे पहिले मोठे काम म्हणजे हळदीच्या एका व्यापाऱ्याची जुनी अमेरिकन गाडी.

गाडी लाल. नाक लांबलचक, दरवाजे दोनच, आणि पोटात आठ सिलिंडरांचे धिप्पाड इंजिन. शेठजींच्या वडिलांनी ती तरुणपणी मोठ्या हौसेने मुंबईहून आणली होती. ते गेल्यावर अडतीस वर्षे ती गोदामात हळदीच्या पोत्यांमागे पडून राहिली. कालिंदीने तिचा स्क्रू न् स्क्रू सुटा केला. गंजलेला पत्रा कापून नवा बसवला, इंजिन पुन्हा बांधले, मिळतील तिथून सुटे भाग मागवले. चौदा महिन्यांनी इंजिनाने पहिला हुंकार दिला, तेव्हा शेठजी गॅरेजच्या दारातच खुर्चीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

आणि त्यानंतर व्याधी सुरू झाली. गॅरेजात गाडी उत्तम चाले. रस्त्यावर वीसेक मिनिटे वाऱ्यासारखी धावे. मात्र यवतेश्वरचा घाट लागला, की तिसऱ्या वळणाच्या आसपास आचके देत बंद पडे. कालिंदी बॉनेट उघडी, कार्बोरेटर साफ करी, गाडी सुरू होई. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिने पेट्रोलचा पंप बदलला. गाडी सुरू झाली आणि थांबली. ठिणगी पुरवणारी कॉइल बदलली, सुरू झाली आणि थांबली. प्रत्येक वेळी तिला वाटे, आता सापडला दोष! आणि प्रत्येक वेळी घाट तिला खोटे पाडी.

अखेर शेठजींचा धीर सुटला.

"कालिंदीताई, रविवारी घाटावर, कासच्या पठारावर जुन्या गाड्यांचा मेळावा आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी घाट चढली तर चढली. नाहीतर इंजिन उतरवून ठेवा. दुकानापुढं शोभेला उभी करू. वडलांची आठवण म्हणून तेवढं पुरे."

शेठजी रागाने बोलले असते तर तिला परवडले असते. ते थकून बोलले, म्हणून तिला अधिक लागले. धावणारी गाडी शोभेला उभी करायची म्हणजे जिवंत माणसाच्या तसबिरीला हार घालण्यासारखेच. शनिवारी सकाळी ती गाडी घेऊन वस्तादांच्या दारात उभी राहिली. स्वतःचे गॅरेज काढल्यापासून मदत मागायला ती प्रथमच आली होती.

वस्तादांनी सारे ऐकून घेतले. गाडीभोवती एक फेरी मारली. मग डिकी उघडली, कालिंदीची हत्यारांची पेटी दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढली, आपल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावले.

"वस्ताद, घाटात बंद पडली तर?" कालिंदी दचकून म्हणाली.

"पडणारच आहे. चल."

तिला काही उमगेना. पण नऊ वर्षांची सवय. ती निमूटपणे स्टिअरिंगमागे बसली. घाट लागला. तिसरे वळण आले, आणि इंजिनाने ठरल्याप्रमाणे आचके देऊन मान टाकली. कालिंदीने गाडी कडेला घेतली आणि ती सवयीने बॉनेटकडे धावली.

"हात लावू नकोस," वस्ताद म्हणाले. ते कठड्यावर ऐसपैस बसले होते. "ये, बस इथं."

"पण नुसतं बसून काय होणार?"

"तेच बघायचंय."

तिने आयुष्यात इतकी अवघड पंधरा मिनिटे काढली नव्हती. येणारेजाणारे गाडीपाशी थबकत, तिच्याकडे पाहून हसत. एकाने मोबाइलवर फोटोही काढला. बोटे शिवशिवत होती, पण हत्यार जवळ नव्हते. खाली सातारा उन्हात पसरला होता. वस्ताद अजिंक्यताऱ्याकडे बघत स्वस्थ होते.

"आता चावी फिरव," ते म्हणाले.

तिने चावी फिरवली. आठही सिलिंडर एका दमात जागे झाले.

तिने काहीच केले नव्हते! कार्बोरेटर नाही, पंप नाही, कॉइल नाही. मग इतके दिवस गाडी सुरू होत होती ती कशाने?

वस्ताद शेजारी येऊन बसले. "बेटा, तू अपयशानं फसली नाहीस," ते शांतपणे म्हणाले. "मिळालेल्या यशानं फसलीस. तू काहीतरी करायचीस, गाडी सुरू व्हायची, आणि तुला वाटायचं, माझ्या हातानं झालं. गाडी बरी होत होती थांबल्यामुळं. तुझा हात मधे असेपर्यंत हे तुला दिसणार नव्हतं, म्हणून पेटी काढून घेतली. मलाही दोष ठाऊक नाही. पण आता तो शोधायला तू मोकळी आहेस. थांबल्यावर काय बदलतं, एवढंच बघ."

थांबल्यावर काय बदलते? गाडी चालवता चालवता ती विचार करू लागली. इंजिन निवते. किंवा कुठेतरी अडलेले पेट्रोल सावकाश पुढे सरकते. दोहोंपैकी एक. पेट्रोल अडत असेल तर का अडावे? नळी साफ आहे, पंप नवा आहे. टाकीतून पेट्रोल बाहेर जायचे, तर त्याची जागा घ्यायला आत हवा यायला हवी...

वरच्या वळणावर इंजिन पुन्हा थांबले. या वेळी ती बॉनेटकडे वळलीच नाही. थेट मागे गेली आणि टाकीच्या झाकणाला हात घातला. जुने झाकण गंजले होते म्हणून तिनेच हे नवे, चकचकीत, घट्ट बसणारे झाकण हौसेने निवडले होते. तिने ते फिरवले मात्र, "सूंऽऽ" करून टाकीने हवा आत ओढली. जणू पाण्याखालून वर आलेल्या माणसाने श्वास घेतला.

"वस्ताद!" ती ओरडली. "झाकणाला भोकच नाही! टाकीचा श्वास कोंडतोय! चढावर पेट्रोल जास्त ओढलं की आडतंय, थांबलं की कडेनं जराशी हवा शिरते अन् पुन्हा चालतंय!"

क्षणाचाही विलंब न लावता तिने चावी फिरवली. इंजिन अजून तापलेले होते, तरीही गर्जना करत सुरू झाले. म्हणजे निवण्याचा प्रश्नच नव्हता. वस्ताद मोठ्याने हसले. "हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं, पोरी!" शिष्येच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे तेज आले, ते पाहायला शेठजी तिथे हवे होते.

पण रविवारी ते होते. झाकणाला सुईएवढे छिद्र पाडलेली लाल गाडी घाटाला लागली, तेव्हा शेठजी शेजारच्या आसनावर अंग चोरून बसले होते. तिसरे वळण आले. त्यांनी डोळे मिटले. वळण मागे पडले. पुढचेही पडले. कालिंदीने ॲक्सिलरेटर दाबला, आणि आठ सिलिंडरांचा घोष डोंगरातून घुमत परत आला. पुढे गेलेल्या गाड्या एकामागून एक मागे राहू लागल्या. त्यांतली माणसे हात हलवत होती, आरोळ्या देत होती. पठारावर पोहोचल्यावर शेठजी उतरले, वळसा घालून तिच्या दाराशी आले आणि म्हणाले, "सरका ताई. आता मी चालवतो."

सत्तरीचा तो गृहस्थ पठारावरच्या सरळ रस्त्यावर गाडी हाकताना गात होता. मध्येच त्याने विचारले, "पण दोष काय निघाला शेवटी?"

"झाकणाला भोक नव्हतं, शेठजी."

"एवढंच?"

"एवढंच. पण ते कळायला मला आधी हात बांधून बसावं लागलं."

आपल्या उपायाने गुण आला असे वाटते, तेव्हा एकदा तो उपाय न करता पाहावे. कदाचित खरे उत्तर तिथेच आपली वाट पाहत असेल.