काटा आणि पितळी गोळा

ही गोष्ट मला नीट आठवते असं छातीठोकपणे म्हणवत नाही. मोटार काळी होती की हिरवी, इथेच मी अडखळतो. पण मोटारींचे भाग आपसात बोलत, त्या काळातली ती आहे.

घाट चढताना मोटारीचा पेट्रोल दाखवणारा काटा एकाएकी शून्यावर टेकला. मागच्या सीटवर यसाजीची लेक बाळंतकळांनी कण्हत होती आणि दवाखाना घाटापलीकडे होता. यसाजीने घाबरून गाडी थांबवली.

“सकाळीच तर पेट्रोल भरलं होतं! आता पुढे जाऊ की मागे फिरू?”

टाकीत तरंगून काट्याला पेट्रोलची पातळी कळवणारा एक पितळी गोळा होता. काटा त्याच्यावर खेकसला, “खरं सांग, किती उरलंय?”

“रोज तेवढंच विचारतोस,” तळातून गोळा म्हणाला. “मी कसा आहे, हे कधी विचारलंस?”

काटा वरमला. “बरं बाबा, कसा आहेस?”

“भोक पडलंय मला. पोटात पेट्रोल शिरलं, म्हणून बुडालोय. टाकीत भरपूर आहे.”

“टाकीबाई,” काटा कळवळून म्हणाला, “माझ्यावर आता कोण विश्वास ठेवणार? तुम्हीच बोला!”

यसाजीने गाडी जोराने हलवून पाहिली. टाकी मोठ्याने डुचमळली.

“आहे गं पोरी, पेट्रोल आहे!”

“मग चला की आबा,” लेक कण्हत कण्हत हसली. “नातवाचं बारसं काय घाटात करायचंय?”

दुपारी दाराशी उभ्या मोटारीला दवाखान्यातून बाळाचं रडणं ऐकू आलं. काट्याने ते आधी गोळ्याला सांगितलं.

गोळा खरं बोलला का, ही शंका मला पुष्कळ वर्षं होती. मग एका गॅरेजात तसाच बुडालेला गोळा कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल होतं.