ओटीतला कंद

एक होता राजा. त्याचा राजवाडा होता उंच डोंगराच्या पायथ्याशी, इतका आत की ऊन यायचं आणि उंबऱ्यावरूनच परत जायचं. त्यामुळे दारात ना झेंडू, ना गुलाब.

अशा घरी नांदायला आली सुरंगी. माहेर तिचं समुद्रकाठी, तीन डोंगर ओलांडून पलीकडे. पाठवणीच्या वेळी आईनं तिच्या ओटीत तांदूळ घातले, नारळ घातला आणि हळूच घातला रंगीत अळूचा अर्धा कंद. खायचा नव्हे बरं का, खाल्लात तर घसा खाजवत बसाल! आई म्हणाली, "अर्धा तुझा, अर्धा माझा. एकाला पान फुटलं की दुसऱ्याला फुटेल. पान टवटवीत आहे तोवर समज, तुझी आई बरी आहे."

मग सुरंगीनं कंद कुंडीत लावला, कुंडी ओसरीच्या सावलीत ठेवली. आणि काय सांगू, फुटलं की पान! मधे कुंकवासारखं लाल, कडेला हिरवं, अगदी आईच्या लुगड्याच्या काठासारखं. बाकीची झाडं ऊन नाही म्हणून रुसायची, हे मात्र सावलीतच खुलायचं. सुरंगी रोज सकाळी त्या पानावरून बोट फिरवायची. आईची फार आठवण यायची हो तिला, फार.

मग आली थंडी. माहेरी कधी थंडी नव्हती, तिथं पानं बारा महिने हिरवीलाल. इथं एके दिवशी पान पिवळं पडलं आणि त्यानं मान टाकली. सुरंगीच्या मनात आलं, आईला काही झालं तर नसेल? पण माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय जायचं नाही, अशी रीत. करते काय बिचारी!

मग राजवैद्य आले. म्हणाले, "याला ऊन हवं." कुंडी गेली डोंगरमाथ्यावर, आणि उरलंसुरलं पान करपलं. मग राजमाळी आला. म्हणाला, "याला पाणी हवं." ओतल्या घागरीवर घागरी, आणि कंद कुजायला लागला. अति तिथं माती म्हणतात ती ही अशी.

मग तिसरी आली इठाबाई, मुदपाकखान्यात पुढच्या लागवडीसाठी हळदीचं बेणं राखणारी म्हातारी. तिनं कंद उकरला, कुजका भाग कापला. राहिला सुपारीएवढा. त्याला राख लावली आणि म्हणाली, "राणीसाहेब, हळदीचं पान वाळतं तेव्हा हळद मरते का हो? ती निजते. निजलेल्याला उठवू नये." आणि कंद ठेवला कोरड्या पेंढ्यात, हळदीच्या शेजारी.

मग सुरंगी वाट बघत बसली. पौष गेला, माघ गेला, फाल्गुन गेला. रोज तिचा हात पेंढ्याकडे जायचा, रोज ती तो मागं घ्यायची. वाट बघण्याइतकं अवघड काही नसतं, बाळांनो.

मग चैत्रात कंदाला फुटला लाल कोंब! सुरंगीनं तो कुंडीत लावला, सावलीत ठेवला. ज्या सकाळी पान उलगडलं, त्याच सकाळी दारात कोण उभं? आई! पाय सुजलेले, कडेवर कुंडी, आणि कुंडीत तस्संच कोवळं लाल पान.

आई म्हणाली, "माझं पान गळलं गं. वाटलं, माझी लेक गेली. मग कसली रीत आणि कसलं काय, तशीच निघाले. बसत उठत यायला महिने लागले."

"मेलेली कुंडी घेऊन तीन डोंगर चढलीस?"

"लोक म्हणायचे, टाकून दे. म्हटलं, लेकीची आहे. कशी टाकू?"

मग दोघी पोटभर रडल्या आणि पोटभर जेवल्या. पान निजेपर्यंत आई तिथं राहिली, मग आपली कुंडी घेऊन माहेरी गेली. पुढं दर थंडीत पान गळायचं. तेव्हा इकडे लेक कुंडीला म्हणायची, "नीज, आई," आणि तिकडे आई म्हणायची, "नीज, बाळ." त्या दोघी सुखी झाल्या, तशा तुम्हीही व्हा.

चला, तुमच्याही माना पडायला लागल्या. निजा आता. मी कुणाला घागर ओतू देणार नाही.